परत येताना लागणारा दिवा

चेन्नईत चौथं वर्ष लागेपर्यंत मी ऑटोवाल्यांशी तमिळमध्ये भांडायला शिकलो होतो. शिव्या तर बक्कळ येत होत्या. आकडे मात्र काही केल्या तमिळमध्ये यायचे नाहीत. कुणी फोन नंबर सांगितला की तो आधी मनात मराठीत म्हणायचा आणि मगच लिहायचा. गॅरेजातले लोक हसायचे. हसू देत, मला काय! पण माझं पोट मोजण्यावरच चाललेलं होतं, म्हणून सांगतो.

गिंडीजवळच्या एका गॅरेजात मी ऑटोमॅटिक गाड्या बघायचो. क्लच नसलेल्या, पायाखाली नुसता ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असलेल्या गाड्या. तेव्हा असल्या गाड्या फार नव्हत्या. एखादी आली की इतर मेकॅनिक हात पुसत चहाला निघून जायचे आणि गाडी माझ्या गळ्यात पडायची. गिअरबॉक्सला काही खुपलं की या गाड्यांच्या डॅशबोर्डवरचा ‘डी’ अक्षराचा हिरवा दिवा लुकलुकायला लागतो आणि गाडी गिअर बदलायचं सोडून हट्टाला पेटते. मग स्टिअरिंगखालच्या एका छोट्या सॉकेटात वायरचा तुकडा खुपसायचा, चावी फिरवायची आणि त्याच दिव्याकडे टक लावून बसायचं. तो किती वेळा मिचकावतो ते मोजायचं. तेवढा त्या बिघाडाचा नंबर. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावायचे, आमच्या वाट्याला आलेल्या म्हाताऱ्या गाड्या अशा डोळे मिचकावूनच बोलायच्या.

मी मोठ्याने मोजायचो. पलीकडे डेंटिंगवाल्यांची ठोकाठोक चालायची, मनातल्या मनात मोजलं तर हमखास चुकायचं. त्या दिवशीही एका पांढऱ्या गाडीत वाकून बसलो होतो आणि "चार, पाच, सहा" असं ओरडून मोजत होतो.

"पांच," बाहेरून आवाज आला. "पांचच झाले. सहावा तुझ्या मनांतला."

माझं टाळकं सटकलं. गिऱ्हाइकांनी शेडमध्ये यायचं नाही अशी पाटी होती आणि ती कुणीही वाचायचं नाही. मी मान वर न करताच तमिळमध्ये खेकसलो, "मॅडम, बाहेर बसायचं!" आणि मग डोक्यात शिरलं. ती बाई माझ्याशी मराठीत बोलली होती.

वर बघितलं तर सत्तरीच्या एक बाई खिडकीला धरून उभ्या होत्या. काठी, सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, तमिळ बायका घालतात तशा. 

"तूं मराठी कीं रे?" त्या म्हणाल्या. "कोठला?"

"इस्लामपूर. सांगलीकडचं."

"आम्हीं तंजावरचे," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोज बरें. मीही मोजतें."

पुन्हा मोजलं. पाचच निघाले, आणि हा फरक लहानसहान नव्हता. पाच म्हणजे गिअरची जागा दाखवणारा स्विच शॉर्ट झालाय, सहा म्हणजे त्याची वायर तुटलीय. सहा धरून बसलो असतो तर दिवसभर न तुटलेली वायर शोधत बसलो असतो.

त्यांची मराठी कशी होती ते लिहून दाखवता येणार नाही. शब्द पोथीतल्यासारखे आणि चाल तमिळ. वाक्याच्या शेवटी ‘कीं’, मध्येच ‘म्हणून’, आणि अडलं की सरळ तमिळ शब्द. पहिली पाच मिनिटं मला अर्धंच समजलं आणि तरी मला वाटलं, बाई, बोलत राहा. मी तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहायचो. मॅन्शन म्हणजे आपल्याकडचा बंगला नव्हे. एकट्या पुरुषांना खोल्या देणारी ती जुनी इमारत होती, लांब व्हरांडा आणि दोऱ्यांवर बनियनी. माझ्या खोलीतला दुसरा माणूस गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मी यायचो तेव्हा तो गेलेला असायचा आणि तो यायचा तेव्हा मी. त्याची उशी ओळखीची झाली होती, तो नाही. रविवारी बूथवरून घरी फोन लावायचो तर भाऊ पाऊसपाणी विचारून "बरं, ठेवतो" म्हणायचा. कधीकधी आठवड्याभरात मी मराठीत फक्त आकडे बोललेलो असायचो. एकटं वाटणं वगैरे शब्द मी तेव्हा वापरत नव्हतो. संध्याकाळी मरीनावर जाऊन दुसऱ्यांची पोरं बघत बसायचो आणि चिडचिड करत परत यायचो, एवढंच.

तर ती गाडी. गिअरच्या दांड्याखाली जो प्लॅस्टिकचा डबा असतो तो उघडला. त्या मॉडेलमध्ये स्विच तिथेच, दांड्याच्या बुडाशी असतो. त्याच्या पिनांवर पांढरट पूड धरली होती. घासून लख्ख केल्या, दिवा विझला. मी गाडी सैदापेटपर्यंत फिरवून आणली, झकास चालली.

"काकू, झालं," मी म्हणालो. मॅडम म्हणायचं मला सुचलंच नाही.

"काकू म्हणालास," त्या म्हणाल्या आणि उगाच पदर सारखा केला. "हिंगडे सगळे मामी म्हणतात." हिंगडे म्हणजे इकडे.

पुढच्याच आठवड्यात गाडी परत. मिचकावणं तेच, पाच. पिना पुन्हा पांढऱ्या. पुन्हा घासल्या. मग पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला मी कुठूनतरी मिळवून स्विचच नवा घातला आणि छातीठोकपणे सांगितलं की आता दिवा लागला तर नाव बदलीन. चौथ्या खेपेला काकू काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "तुला नवें नांव काय ठेवूं?"

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. आमच्या सुपरवायझरने मात्र तेव्हाच निकाल लावला. तो चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध: काढून टाका. गिअरबॉक्सच गेलाय, म्हणाला, अख्खा बदला, नाहीतर गाडी मोडीत काढा. तेच त्याने काकूंच्या अमेरिकेतल्या मुलालाही फोनवर सांगितलं. मुलाने आईला कळवलं की तो महिनाअखेर येतोय आणि येऊन गाडी विकणार. रस्त्यात बंद पडली तर या वयात काय करशील, कॉल टॅक्सीने जात जा.

काकूंनी हे मला शेडमध्ये, माझ्या टूलबॉक्सवर बसून सांगितलं. लहानपणापासून त्यांचा डावा पाय कामातून गेलेला होता. क्लच दाबणं शक्यच नाही, म्हणून ही गाडी. नवऱ्याने रिटायर झाल्यावर त्यांच्यासाठी घेतली. त्याला स्वतःला चालवता येत नव्हती. आयुष्यभर सरकारी गाडी आणि ड्रायव्हर. काकू पन्नाशी उलटल्यावर शिकल्या.

"टॅक्सीनें जायला काय झालं?" मी विचारलं. त्यांचं ऐकून ऐकून माझ्याही बोलण्यावर अनुस्वार चढायला लागले होते.

मग त्यांनी सांगितलं. नवरा नीलांगरैच्या पुढे, समुद्राकडच्या रस्त्यावर, एका आश्रमात होता. विसरायला लागला होता. आधी नावं, मग रस्ते, मग घर. दार उघडून कुठेही निघून जायचा आणि या पायाने त्या त्याच्या मागे धावू शकत नव्हत्या. शेवटी तिथे ठेवावं लागलं. त्या दिवसाआड जायच्या.

"मला ओळखत नाहींत," त्या म्हणाल्या. "खोलींत गेलें तर भिंतीकडे तोंड करून बसतात. परकी बाई आली म्हणून. पण ही गाडी फाटकांत आली कीं उठून येतात. ही गाडी ओळखतात. टॅक्सी नेली होती एकदां. आंत बसेनात, ओरडायला लागले. गाडी गेली कीं मी गेलें रे."

हे शेवटचं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. बरं वाटेल काकू, असं बोलायची सवय मला नाही. मी म्हटलं, "गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही. त्या सुपरवायझरला काय कळतंय!"

आणि खरंच तेल स्वच्छ होतं, गिअर लोण्यासारखे पडत होते. बिघाड फक्त त्या स्विचमध्ये होता आणि स्विचला कुणीतरी मुद्दाम बिघडवत असल्यासारखा तो परत परत व्हायचा. मी काकूंची उलटतपासणी सुरू केली. दिवा केव्हा लागतो? ऊन असताना? खड्ड्यातून गेल्यावर? एसी लावल्यावर? त्यांनी डोळे मिटून आठवून आठवून सांगितलं.

"जातांना कधीं नाहीं. परत येतांना."

"नेहमी?"

"नेहमी परत येतांनाच."

आता गाडीला काय कळतंय आपण जातोय की परत येतोय! मी एका दुपारी तीच गाडी घेऊन एकटाच नीलांगरैपर्यंत गेलो आणि आलो. काही नाही. दिवा गपगार. दुसऱ्या दिवशी काकू गेल्या, परत येताना हजर! मला त्या दिव्याचा इतका संताप आला की बल्बच काढून टाकावा असं वाटलं. महिनाअखेर जवळ येत होती. मी काकूंना म्हणालो, "रविवारी मी तुमच्याबरोबर येतो. तुम्ही दर वेळी जे करता तेच करायचं. मी नुसता बघत बसणार."

"येशील?" त्या म्हणाल्या. "मग एक सांगतें. गाडींत ते मला ड्रायव्हर समजतात."

मला कळलं नाही.

"आधीं माझ्या शेजारीं पुढें बसायचे. एक दिवस मागचें दार उघडून बसले आणि मला म्हणाले, ऑफिसला चल. तेव्हांपासून मी ड्रायव्हर. मीही तमिळींतच बोलतें, त्यांचा ड्रायव्हर बोलायचा तशी. तूं हसायचें नाहीं."

"हसतो कशाला मी?"

"हसलास तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मीच हसतें कधीं कधीं."

रविवारी मी धुतलेला शर्ट घालून त्यांच्या शेजारी बसलो. त्या फार छान चालवायच्या. अड्यारचा पूल, तिरुवान्मियूर, मग उजव्या-डाव्या हाताला सुरूची झाडं. जाताना दिवा कसा तर पवित्र, जसं काही आयुष्यात कधी मिचकावलंच नाही. फाटकात गाडी शिरली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवरून एक उंच, वाळलेले गृहस्थ उठले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते बघत होते गाडीच्या बोनेटकडे. काकूंकडे त्यांनी पाहिलंही नाही. मागचं दार उघडून बसले, दार ओढून घेतलं आणि घसा खाकरला.

"पोलामा?" म्हणजे निघायचं का. काकू म्हणाल्या, "सरि सार." बरं साहेब.

मी काचेतून बाहेर बघत राहिलो. हसू वगैरे काही आलं नाही मला.

थोडं पुढे गेल्यावर साहेबांना माझी मान दिसली असावी. "हा कोण?" त्यांनी तमिळमध्येच विचारलं.

"क्लीनर, सार. नवीन आहे."

"काम करतो का नुसता बसतो?"

"बसतोच जास्त, सार," काकू म्हणाल्या. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर.

साहेब फाइलींविषयी काहीतरी बोलत होते, कुणाच्या तरी सहीविषयी. काकू मध्ये मध्ये ‘सरि सार’ म्हणत होत्या. बऱ्याच वळणांनंतर एक देऊळ आलं आणि साहेब एकदम पुढे झुकले. "निरुत्तु, निरुत्तु!" थांबव, थांबव. काकूंनी आधीच इंडिकेटर दिला होता. देवळाजवळ एक फूलवाली टोपलीपुढे बसली होती. तिला सगळं माहीत असणार. साहेबांनी काच खाली करून दोन बोटं दाखवताच तिने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दोनदा मापून मोगऱ्याचा सर तोडला, बादलीत हात बुडवून त्यावर भसाभसा पाणी शिंपडलं आणि केळीच्या पानात गुंडाळून आत दिला. साहेबांनी तो जपून दोन्ही हातांनी धरला आणि पुढे केला.

"एसीपाशी ठेव. वाळायला नको."

काकूंनी तो घेतला, पान उलगडलं, सर दुहेरी करून गिअरच्या दांड्यावर अडकवला. समोर एसीची जाळी होती, गार वारा थेट फुलांवर. त्यांचा हात इतका सरावाने चालला की मी बघूनही काही बघितलं नाही. मेकॅनिक म्हणवतो स्वतःला! माझे डोळे डॅशबोर्डवर त्या दिव्याला चिकटलेले.

परत आश्रमाच्या फाटकाशी आलो. साहेबांनी स्वतःच दार उघडलं, उतरले, शर्ट नीट केला. मग खिडकीपाशी आले, वाकले आणि ड्रायव्हरला सांगावं तसं, जरा घाईत, म्हणाले, "फुलं घरी दे. आणि घरी सांग, आज काम आहे, उशीर होईल."

"सोल्लरेन सार," काकू म्हणाल्या. सांगते.

ते वळून पायऱ्या चढून गेले. एकदाही मागे वळून बघितलं नाही. साहजिकच आहे म्हणा, ड्रायव्हरकडे कोण वळून बघतं! काकूंनी थोडा वेळ गाडी तशीच चालू ठेवली आणि मग निघाल्या.

तिरुवान्मियूरच्या अलीकडे गाडीने एक आचका दिला आणि दिवा लागला. लुक, लुक, लुक.

"बघ!" काकू ओरडल्या. "बघ, आला!"

"बाजूला घ्या! बंद करू नका!"

गाडी थांबली. मी गुडघ्यावर बसून गिअरच्या दांड्याभोवतीची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटली आणि आत बोट घातलं. ओलं होतं. गॅरेजात मी इतक्या वेळा तिथे बोट घातलं होतं, कधी ओल लागली नव्हती. लागेल कशी? चेन्नईच्या उन्हात गाडी आमच्याकडे येईस्तोवर सगळं वाळून कोरडं ठाक, मागे नुसती ती पांढरट पूड. मी बोट नाकाशी नेलं. मोगऱ्याचा वास आला.

त्याच क्षणी सरावरून एक थेंब ओघळला आणि दांड्याच्या बाजूने माझ्या डोळ्यांदेखत खाली फटीत गेला.

"काकू," मी म्हणालो, "फुलं."

"काय फुलें?"

"पाणी फुलांचं आहे. इथून गळतं ते थेट स्विचमध्ये. जाताना फुलं नसतात, परत येताना असतात. आयला, एवढंच होतं! गिअरबॉक्सला काही म्हणता काही झालेलं नाही. उद्या स्विच सुकवतो, वरून रबर बसवतो, सील करतो. पुन्हा लागला दिवा तर..."

"नांव बदलशील," काकू म्हणाल्या.

"तुमचा मुलगा आला की आधी माझ्याकडे पाठवा. मी बघतो त्याच्याकडे. कोण विकतो ते बघू!"

त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि कपाळ त्या हातांवर टेकलं. त्या रडत होत्या की नुसत्या श्वास घेत होत्या ते मला कळलं नाही. मी सर दांड्यावरून काढला आणि धरून बसलो. माझी पँट भिजत होती. बाजूने बस गेल्या, कुणीतरी हॉर्न मारून शिव्या घालून गेला. जीव भांड्यात पडल्यासारखं व्हायला हवं होतं आणि होतही होतं. पण दुसरंही काहीतरी होत होतं. हा दिवा आता लागणार नाही, म्हणजे काकूंची गाडी शेडमध्ये येणार नाही, म्हणजे परत आपलं मरीना आणि ती उशी. असं मनात आलं आणि मला माझाच राग आला.

"मग या फुलांचं काय करता तुम्ही?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

त्यांनी मान वर केली. "देवाला घालतें."

"सगळी?"

"सगळीं."

"तुम्ही नाही माळत?"

"मला कोणी दिलीं?" त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरला दिलीं, घरीं पोंचव म्हणून. ड्रायव्हर आपल्याच केसांत घालून बसला तर बरें दिसतें कीं?" आणि हसल्या. ते हसू मध्येच थांबलं. "घरीं जातें, कुलूप काढतें. कोणाला द्यायचीं? मग देवाला घालतें."

मला काय सुचलं मला माहीत नाही. भडकलो होतो म्हणा, पण कुणावर? त्या म्हाताऱ्यावर भडकून काय करणार! तो बिचारा तिकडे बायकोला उशीर होईल म्हणून निरोप धाडून मोकळा झाला होता. मला उशीर झाला तर निरोप धाडायला सबंध चेन्नईत एक माणूस नव्हतं. त्याला होतं, आणि निरोप दर वेळी रस्त्यातच राहत होता.

मी सीटवर सरळ बसलो. ओला सर दोन्ही हातांवर घेतला.

"काकू."

"काय रे?"

"साहेबांनी निरोप दिलाय. आज काम आहे, उशीर होईल म्हणालेत. आणि ही फुलं तुमच्यासाठी पाठवलीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, चुकलं आपलं. भलतंच काहीतरी बोललो, आता ही बाई आपल्याला इथेच उतरवणार. मग त्यांनी पदराला हात पुसले, दोन्ही हात पुढे केले आणि सर घेतला. अंबाड्यात खोवताना एकदा सुटला, पुन्हा खोवला. वरचा आरसा मागच्या सीटकडे वळवलेला होता. तो त्यांनी आपल्याकडे वळवला, मान इकडे तिकडे करून बघितलं.

"जेवून येणार कीं घरींच जेवणार?" त्यांनी आरशात बघतच विचारलं.

"काही बोलले नाहीत."

"मग विचारायचें नाहीं कीं रे!" काकू माझ्यावर खरोखर रागावल्या. "नुसतें उशीर म्हणून सांगितलें तर मी किती वेळ जेवायची थांबूं?"